नावं संपेपर्यंत

कळंब
१८ जुलै २०२४

हर्षाली,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून लिहिते. आशीर्वाद.

तू मला मोबाइलवर बंद करून टाकलं आहेस हे कळायला मला चार दिवस लागले. आधी वाटलं, परंड्यात रेंज नसेल. मग शेजारच्या वैष्णवीच्या फोनवरून लावला, तर दुसऱ्याच रिंगला उचललास आणि "बोल गं वैष्णवी" म्हणालीस, इतक्या लाडात की मी एक शब्द न बोलता ठेवून दिला. ठीक आहे. फोन बंद करता येतो, पोस्ट बंद करता येत नाही. अडतीस वर्षं त्या खात्यात काढून मी सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले आहे. माणसापर्यंत कागद कसा पोचवायचा हे मला कुणी शिकवायला नको. हे रजिस्टर ए.डी.नं येईल. तुझी सही घेतल्याशिवाय पोस्टमन देणार नाही आणि सहीचं कार्ड माझ्याकडे परत येईल. उत्तर दे किंवा देऊ नकोस. तुझ्या हातात पडलं एवढं मला कळेल.

तुला दिवस गेले आहेत हेही वैष्णवीनंच सांगितलं. मी ओट्यावर भेंडी चिरत होते. "काकू, तिसरा संपत आला म्हणे. तुम्हाला तर माहीतच असणार." मी म्हटलं, "हो तर." आणि चिरत राहिले. भेंडी नको तेवढी बारीक झाली.

आता २१ जूनचं. जे झालं ते मी एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे तू नवऱ्याच्या तोंडची हकीकत खरी धरून बसणार नाहीस.

'वज्रदूत' पिक्चरचा सहावा आणि शेवटचा भाग. पहिला आला तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तुझे बाबा जाऊन सहा महिने झाले होते आणि आपण दोघी ऑफिस, शाळा आणि दवाखाना सोडून पहिल्यांदाच कुठे गेलो होतो. मला वाटलं, मुलांचा पिक्चर आहे, मी डुलकी काढीन. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात शिकताना सिस्टरांनी सिनेमाविषयी जे जे वाईट पढवलं होतं ते सगळं डोक्यात होतंच. आणि पडद्यावर ती बिनतारी आक्का आली. पांढऱ्या केसांची, बसक्या आवाजाची, तळघरात यंत्रापुढे बसून त्या धिप्पाड वज्रदूताला हुकूम सोडणारी. मी सरळ होऊन बसले. पोस्टात तार होती तेव्हा मीही तेच करत होते, फक्त माझं कुणी ऐकत नव्हतं.

नावं संपल्यावर एक छोटा तुकडा असतो, पुढच्या भागाची चाहूल देणारा, हे तुला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. आपल्या टॉकीजमध्ये नावं वर सरकायला लागली की दारं उघडायची, माणसं उठायची आणि ऑपरेटर खाजामियाँ मशीन बंद करून टाकायचा. तू जिना चढून वर गेलीस आणि त्याच्याशी भांडलीस. तो म्हणाला, "दोघींसाठी दिवा जाळू होय गं बेटा?" आणि जाळला. पुढे पाचव्या भागापर्यंत दर वेळी जाळला. झाडूवाली आपल्या पायांखालून झाडू फिरवायची आणि आपण दोघी पाय वर घेऊन नावं वाचत बसायचो.

तू लातूरला हॉस्टेलवर होतीस तेव्हा मी तुला दर आठवड्याला आंतरदेशीय पत्र पाठवत होते. त्यात अभ्यासाच्या दोन ओळी आणि बाकी आक्का. चौथ्या भागात ती तळघर कोसळून गाडली गेली, तेव्हा तू रडून कळवलंस की संपलं. मी लिहिलं, प्रेत दाखवलेलं नाही. पाचव्या भागाची नावं संपली आणि काळ्या पडद्यावर तिचं यंत्र नुसतं खरखरलं. तू माझा दंड इतक्या जोरात धरलास की वळ उठला. त्यानंतर तीन वर्षं आपण वाट पाहिली.

आणि त्या दिवशी तू नवऱ्याला, अमरसिंहला, घेऊन आलीस. या गृहस्थांनी दुसरा भाग निम्मा पाहिलेला, पाचवा एसटीत कुणाच्या तरी मोबाइलवर. बसल्यापासून "हा कोण? हा मेला नव्हता का?" आक्काचा फोटो भिंतीवर दिसला, माझ्या अंगावर काटा आला, आणि शेजारून आवाज, "ही म्हातारी कोण?" दोन वेळा मोबाइल पेटला. कुणाला तरी सोयाबीनच्या बियाण्याचा भाव हवा होता. बियाण्यांचं दुकान आहे म्हणून अंधारातही चालू ठेवायचं? बरं, शेवटची लढाई आली तशी यानंच सगळ्यांत मोठ्यानं शिट्टी मारली, जणू सहा भागांचं दुःख यानंच गिळलं होतं. नावं सुरू होताच उभा राहिला. "चला, गर्दीच्या आत निघू. मस्त टाइमपास होता."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे न पाहता उठलीस आणि त्याच्यामागे गेलीस.

मी बसले. आणि नावं संपल्यावर जे आलं, ते तुझं चुकलं. हो, आलं. आक्काचं आलं. काय ते मी सांगणार नाही. उठून गेलेल्यांना सांगायचं नसतं.

संध्याकाळी फोनवर जे बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

आई

कळंब
२ सप्टेंबर २०२४

हर्षाली,

कार्ड आलं. सही शाळेतल्यासारखीच, 'ह'च्या शेपटीला गाठ. पत्राचं उत्तर मात्र नाही. दीड महिना थांबले.

मी या दिवसांत फार विचार केला. लोक म्हणतात, एका पिक्चरवरून आई आणि मुलगी बोलत नाहीत. वैष्णवीच्या सासूनं हे मला तोंडावर म्हटलं आणि वर हसली. हसणाऱ्यांचं काय जातं? ती माणसं पिक्चरला जातात तशीच लग्नाला जातात, तशीच मयताला. थोडा वेळ बसायचं, काय झालं ते शेजाऱ्याला विचारायचं, जेवण वाढलं का बघायचं आणि गर्दीच्या आत निघायचं. त्यांना प्रत्येक भाग आवडतो, कारण आधीचा आठवत नाही. मला सहावा भाग आवडला नाही. ऐकलंस? मला तो मुळीच आवडला नाही. वज्रदूताला त्यांनी विनोद करायला लावले, आक्काच्या तळघराचा रंगही चुकवला, आधी तिथे हिरवी भिंत होती. अमरसिंहला तो मस्त वाटला. जिला काही आवडलं नाही ती मी शेवटपर्यंत बसले आणि ज्याला मस्त वाटला तो उठला. यातलं कोण त्या पिक्चरचं, हे तूच ठरव.

तुला नावांनंतरचं हवं असेल, तर थोडं सांगते. तळघर. धूळ. यंत्राचा दिवा लुकलुकतो. आक्का भिंतीला टेकून बसली आहे, केस मोकळे. तिला वाटतं, आता कुणी येणार नाही. मग वर जिन्यावर पाऊल वाजतं.

कुणाचं, ते तू इथे आलीस की सांगेन.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही पद्धत मी काढलेली नाही. सातव्या महिन्यात मुलीला आणायला जायचं असतं. पण जिनं मला बातमीसुद्धा दिली नाही, तिच्या दारात मी ओटीचं सामान घेऊन उभी राहणार नाही. तू कळव, मी येते. मागची खोली रंगवून घेतली आहे. रंगाऱ्यानं विचारलं, "कोन येनार हाय का बाई?" म्हटलं, "भिंती खराब झाल्या होत्या."

डिंक आणि खारीक आणून ठेवली आहे. मुंग्या लागतील.

आई

कळंब
१३ ऑक्टोबर २०२४

हर्षाली,

काल दसऱ्याचं सोनं द्यायला अमरसिंह आला होता. तुला सांगून आला की न सांगता, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपट्याची पानं हातात दिली, वाकून नमस्कार केला, डझनभर केळी टेबलावर ठेवली आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

"आई, एक बोलू का? रागावू नका."

"बोल."

"हर्षालीनं मोबाइलवर आख्खा पिक्चर बघितला. दोनदा. दुसऱ्यांदा मला बी बसवलं शेजारी, नावं संपेपर्यंत. लई नावं असतात की हो! केस विंचरणाऱ्याचं बी नाव, जेवण देणाऱ्याचं बी."

"मग?"

"मग काय न्हाय आई. नावं संपली अन् नुसतं काळं. आक्का न्हाय, जिना न्हाय."

मी म्हटलं, "मोबाइलवर कापतात."

"कापतात?"

"थिएटरची प्रत वेगळी असते. हे ज्यांना ठाऊक असतं त्यांना ठाऊक असतं."

त्यानं मान हलवली. पटलं त्याला. या माणसाला काहीही पटतं, हाच त्याच्यातला दोष आहे. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "मला आक्काचं काय कळत न्हाय. मला घरचं कळतं. ती ताटावर बसते अन् उठते. माझी आई चांगली हाय, पण हर्षालीला तिची आईच लागती. तुम्ही फकस्त ये म्हणा. फोन लावून देतो, आत्ता."

त्यानं खरोखर फोन काढला. तुझं नाव पडद्यावर होतं, फक्त बोट टेकवायचं बाकी.

मी म्हटलं, "तिनं विचारलं तर म्हणेन."

त्यानं फोन खिशात ठेवला. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "तुम्ही दोघी एकसारख्या हाव. मधी माझी गाडी झालीय नुसती, कळंब-परंडा, कळंब-परंडा." थांबून जेवशील का, असंही मी विचारलं नाही. घरात पुरणाचा स्वयंपाक होता, एकटीपुरता नव्हता.

प्रत वेगळी असते. मी तुला पुन्हा सांगते. मी तिथे होते, तू नव्हतीस.

आई

कळंब
२७ नोव्हेंबर २०२४

हर्षाली,

१३ ऑक्टोबरचं पत्र परत आलं. पाकिटावर शेरा: 'घेत नाही, सबब परत.' हा शेरा मी स्वतः हजारो पाकिटांवर मारला आहे. कोर्टाच्या नोटिसा, बँकेची पत्रं, नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांची पत्रं. मारताना हात कधी थांबला नाही. तुमच्या परंड्याच्या पोस्टमननं अक्षर तरी बरं काढायला हवं होतं. ते बंद पाकीट याच्यासोबत जोडते आहे. हेही परत आलं, तर दोन्ही माझ्याकडेच राहतील.

डोहाळजेवणाचे फोटो वैष्णवीच्या मोबाइलवर पाहिले. हिरवी साडी चांगली होती. फुलांचा धनुष्यबाण फार मोठा केला होता, पिक्चरचा सेट वाटत होता. तुझे डोळे सुजलेले दिसले. पायही सुजले आहेत का? मीठ कमी कर. हे सासूला सांगू नकोस की आईनं सांगितलं, तिला वाटेल मी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवते.

मी टॉकीजवर गेले होते. खाजामियाँला म्हटलं, हर्षालीला एक चिठ्ठी लिहून द्या, की सहाव्या भागाच्या नावांनंतर तुकडा होता म्हणून. तुमचा शब्द ती मानते. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "बाई, जे पडद्यावर आलंच न्हाय ते म्या कसं लिहू?"

मग तो आणखी काही बोलला. त्याचं वय झालं आहे, ऐकू कमी येतं, एका दिवसाचं दुसऱ्या दिवसात मिसळतो. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आई

कळंब
२९ जानेवारी २०२५

हर्षाली,

अमरसिंहचा निरोप काल दुपारी आला. "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत." खाली फोटो. मी तो फोटो मोठा करून कान पाहिले, कपाळ पाहिलं. कपाळ तुझ्या बाबांचं आहे. मग वैष्णवीला पेढे आणायला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

मागचं पाकीट परत आलं. दोन्ही टेबलावर आहेत. हे वाचणारं आता कुणी नाही, म्हणून लिहायला सोपं जातं आहे.

नावांनंतर काही नव्हतं.

मी सगळी नावं वाचली. पहिल्यांदाच एकटीनं. झाडूवाली आली तेव्हा सवयीनं पाय वर घेतले आणि शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं, तर तिथे वेफर्सचं रिकामं पाकीट. मला वाटलं, एवढ्या वर्षांत पिक्चरवाले आक्काला कधी विसरले नाहीत, आताही विसरणार नाहीत. शेवटची ओळ वर गेली. पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला. तरी मी बसले. मग दिवे लागले. बारा वर्षं ज्या बाईची वाट पाहिली, तिची त्यांना दोन मिनिटंसुद्धा गरज वाटली नाही. आणि माझ्या शेजारी हे बोलायलाही कुणी नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात आले. समोरच्या चहाच्या गाड्याजवळ बाकावर तुम्ही दोघं दिसलात. तू त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतंस आणि तो तुझी पाठ चोळत होता. मला वाटलं, कंटाळली आहे. आईचा खुळेपणा संपायची वाट बघते आहे. अमरसिंहनं टॉकीजच्या दाराकडे मान वळवली तशी मी मागे झाले आणि सायकल स्टँडच्या बाजूच्या दारानं बाहेर पडले. रिक्षा केली. घरी आले. तुझा फोन आला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. "आई, कुठं आहेस? आम्ही अजून टॉकीजसमोरच आहोत."

आणि मी म्हणाले, "मला एकच मुलगी होती, तीही नावं सुरू झाल्यावर उठून गेली. आता तिकडूनच परंड्याला जा. या घरी परत यायचं नाही."

तुझ्या मागे गाडेवाल्याचा स्टोव्ह वाजत होता, तेवढा ऐकू आला.

खाजामियाँ काय म्हणाला, तेही लिहिते. त्याला नीट ऐकू येतं आणि दिवसही नीट आठवतात. तो म्हणाला, नावं सुरू झाली तेव्हा त्याचा हात बटणावर होता. दुपारचा खेळ, हॉल रिकामा झालेला. तू तोंडावर ओढणी धरून जिना चढून वर आलीस आणि दारातूनच म्हणालीस, "चाचा, बंद करू नका. आई बसलीय." एवढं बोललीस आणि खाली पळालीस. तो मागोमाग उतरला तर तू नळापाशी वाकून ओकत होतीस. त्यानं पाण्याचा तांब्या दिला. विचारलं, "अम्मीला बुलवू का?" तू म्हणालीस, "नको चाचा. तिला शेवटपर्यंत बघू द्या. आज तिला एक सांगायचंय, पण ते नंतर." मग तो वर गेला आणि नावं संपेपर्यंत दिवा जळू दिला.

हे सांगून तो म्हणाला, "बाई, मला वाटलं तुम्हाला मालूम असंल."

नोव्हेंबरपासून मला माहीत आहे. दोन महिने मी हे उशाला घेऊन झोपते आणि सकाळी उठून तुला रागानं पत्र लिहिण्यासाठी कागद काढते. राग आला की बरं वाटतं. आजही मला तुझा राग येतो की तू तिथल्या तिथे का सांगितलं नाहीस. अंधारात माझा दंड का धरला नाहीस? तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, पण आईला सांगतात. तू सांगायलाच आली होतीस. मी थांबले नाही. सगळ्या पिक्चरांना शेवटपर्यंत बसणारी मी, त्या बाकापर्यंत वीस पावलं चालले नाही.

आक्का, तळघर, जिन्यावरचं पाऊल, सगळं मी रचलं. जिना उतरून कोण येतं, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ठरलं होतं खरं तर. लिहायला लाज वाटली.

तू माहेरी आली नाहीस ते बरोबर केलंस. मला ते आवडलेलं नाही, पण बरोबर केलंस. मीच दार लावलं होतं. मागच्या खोलीत आता डिंकाचे डबे आहेत आणि मुंग्या खरंच लागल्या आहेत. थोडा डिंक निवडून, लाडू करून, अमरसिंहच्या दुकानाच्या पत्त्यावर पार्सल केले आहेत. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही. चव ओळखशील तर ओळख. त्याला सांग, रात्री फोन पेटवून बाळाच्या डोळ्यांवर उजेड पाडू नकोस म्हणावं.

हे पत्र साध्या पोस्टानं टाकते आहे. पाच रुपयांचं तिकीट, लाल पेटी. हातात पडेल, दुकानाच्या रद्दीत जाईल, की वाटेत बार्शीच्या टपालाच्या बॅगेत राहील, मला कळणार नाही. अडतीस वर्षांत मी स्वतःचं महत्त्वाचं पत्र असं कधी टाकलं नव्हतं.

सोबत कार्ड जोडलेलं नाही. सही करायची नाही.

आई